लालीवाचून ओळख : सावळ्या त्वचेतील आरंभीचा शय्याव्रण

शय्याव्रण, रुग्णालयाच्या रोजच्या बोलण्यातला बेडसोअर, होतो तो हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेपलेल्या ऊती मरू लागल्याने. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कोपर, खांद्याचे पाते आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा. उघडी जखम ही बरीच पुढची अवस्था आहे. त्याआधी कातडी अखंड असताना काही तास, कधी काही दिवस हाती असतात आणि तेवढ्यात त्या जागेवरचा दाब हटवला तर इजा बहुधा तिथेच थांबते. या काळात इजा ओळखण्याची जगभर शिकवली जाणारी खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न फिकटणारी लाली. ज्या कातडीवर लाली दिसतच नाही तिथे ही खूण निकामी ठरते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, आणि खरे तर भारताच्या मोठ्या भागात, वॉर्डातल्या बहुतेक रुग्णांची कातडी तशीच असते.

शय्याव्रणाची पायऱ्यांनुसार वर्गवारी अमेरिकन शल्यचिकित्सक डॅरेल शिया यांनी १९७५ मध्ये मांडली. त्यांचा आधार इजेची खोली हा होता. पुढे अमेरिकेतल्या राष्ट्रीय शय्याव्रण सल्लागार मंडळाने त्यावरून चार पायऱ्या ठरवल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये त्यांची सुधारित व्याख्या प्रसिद्ध केली. अखंड त्वचेवर न फिकटणारी लाली ही पहिली पायरी, आणि काळसर त्वचेत ती वेगळी दिसू शकते, असे त्या व्याख्येत आहे. संवेदना, तापमान आणि घट्टपणा यांतला बदल नजरेला दिसणाऱ्या बदलाच्या आधी येऊ शकतो, असेही तीच व्याख्या सांगते. जांभळा किंवा गडद तपकिरी-लाल रंग पहिल्या पायरीत धरलेला नाही, कारण तो खोल ऊतींच्या इजेकडे बोट दाखवतो. म्हणजे स्पर्शाचा मुद्दा व्याख्येत आहेच. पण तो दुसऱ्या वाक्यात आहे, आणि परीक्षेला, तक्त्यावर, सिस्टरच्या तोंडी पाठ होते ते पहिले वाक्य.

लाली का दिसत नाही याचे कारण त्वचेच्या रचनेतच आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य सर्वांत वरच्या थरात असते. लाली उमटते ती त्याखालच्या थरातल्या केशवाहिन्यांत साचलेल्या रक्तामुळे. प्रकाश आत जाताना एकदा आणि परतताना दुसऱ्यांदा, असा दोन वेळा मेलॅनिनच्या थरातून जातो. हिमोग्लोबिन सुमारे ५४० आणि ५७७ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जोरात शोषून घेते. गोऱ्या कातडीत तेवढाच पट्टा कमी होतो आणि लाल रंग उठून दिसतो. मेलॅनिन मात्र सगळाच दृश्य प्रकाश शोषते, निळ्याकडचा जास्त आणि तांबड्याकडचा कमी. ते भरपूर असेल तर रक्त साचल्याने पडलेला फरक त्या शोषणात बुडून जातो आणि डोळ्याला उरते ती फक्त आसपासच्या कातडीपेक्षा किंचित अधिक गडद छटा. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या साऱ्या माणसांत जवळपास सारखीच असते. वेगळेपण येते ते रंगकणांच्या आकाराने, प्रमाणाने आणि ते कसे पसरले आहेत त्यावरून. म्हणूनच एकाच कुटुंबातल्या दोघांच्या पाठीवर एकाच प्रकारची इजा अगदी वेगळी दिसू शकते.

लाली ही गोऱ्या कातडीतही पूर्ण भरवशाची खूण नाही, हे इथे नोंदवायला हवे. बरीच इजा आतून बाहेर येते. हाडाला लागून असलेल्या स्नायूवर दाबाचा ताण सर्वाधिक पडतो आणि स्नायू कातडीपेक्षा कमी सोसतो. फार जोराच्या दाबाने पेशी चेपून मिनिटांत किंवा थोड्या तासांत फुटू शकतात. कमी दाबाने रक्तपुरवठा तुटून इजा व्हायला अनेक तास लागतात. थोडा वेळ जोराचा दाब आणि बराच वेळ सौम्य दाब, दोन्ही घातक ठरतात, हे मायकेल कोसियाक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले. केशवाहिनीतला दाब ३२ मिलिमीटर पारा असतो, म्हणून त्याखालचा दाब सुरक्षित, असे अजूनही सांगितले जाते. ते माप यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये हाताच्या नखालगतच्या केशवाहिनीत घेतलेले होते. माकडहाडावर झोपून राहिलेल्या अशक्त म्हाताऱ्याला ते जसेच्या तसे लावणे चूक आहे. खोल इजेचा जांभळट डाग कातडीवर येतो तो मूळ प्रसंगानंतर साधारण ४८ ते ७२ तासांनी. आज डाग दिसला तर कारण परवाचे असते: लांबलेले ऑपरेशन, रात्रभर एकाच कुशीवर झोपणे, किंवा स्ट्रेचरवरचा प्रवास.

या आंधळ्या जागेची किंमत कोण मोजते, याचा पुरावा मुख्यतः अमेरिकेतून येतो. तिथल्या वृद्धाश्रमांमधील रहिवाशांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीयांमध्ये नव्या शय्याव्रणांचे प्रमाण दरमाणशी वर्षाला ०.५६, तर गोऱ्यांमध्ये ०.३५ आढळले. याची कारणे अनेक असू शकतात. संस्थेची गुणवत्ता आणि गरिबी ही त्यांतली मोठी. पण पहिल्या पायरीवर नोंद न झालेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अचानक सापडतो, हे या विषयात काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत खास काळसर त्वचेसाठी नेमलेल्या अभ्यासगटाने फक्त रंगावर न विसंबण्याची शिफारस केली. सल्लागार मंडळाला २०२३ मध्येही याच विषयावर पुन्हा सविस्तर लिहावे लागले. मधल्या काळात शिक्षणाचे साहित्य फारसे बदलले नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांची २०१८ मध्ये मोजणी झाली, तेव्हा गडद त्वचेची चित्रे ४.५ टक्के निघाली. भारतातल्या परिचर्या महाविद्यालयांतही परदेशी पुस्तके सर्रास वापरली जातात. त्यामुळे सावळ्या विद्यार्थिनी सावळ्या रुग्णांची सेवा करायला निघतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र असते गोऱ्या पाठीवरच्या गुलाबी चट्ट्याचे. हीच अडचण उपकरणांतही आहे. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवतो, असे २०२० मध्ये दिसून आले; कारण तेच, प्रकाशाच्या वाटेतले मेलॅनिन.

बालाघाट जिल्हा हा प्रश्न समजून घ्यायला फार नेमकी जागा आहे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग जोडून तो बनवला गेला. वैनगंगेच्या खोऱ्यातला वारासिवनी, कटंगी, लांजी हा दक्षिणेकडचा पट्टा गोंदिया-भंडाऱ्याला लागून आहे. तिथे मराठी आणि पोवारी कानावर पडते. उत्तर-पूर्वेला बैहर, परसवाडा, बिरसा हा डोंगराळ जंगलपट्टा गोंड आणि बैगांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांच्या घरात होती आणि त्यांतले एक पंचमांशाहून अधिक अनुसूचित जमातींचे. गंभीर रुग्ण जिल्हा रुग्णालयातून बहुधा गोंदियाला किंवा नागपूरला पाठवला जातो. पक्षाघाताचा, मोडलेल्या खुब्याचा किंवा मणक्याला मार लागलेला रुग्ण गावातून ब्लॉकला, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरला असा कडक स्ट्रेचरवर उताणा जातो. प्रत्येक ठिकाणची वाट पाहण्याची वेळ त्यात जोडली की माकडहाडावर सलग दाबाचे अनेक तास होतात. नागपूरला दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी वर येणाऱ्या डागाचे खापर तिथल्या वॉर्डावर फुटते, पण इजा वाटेतच झालेली असू शकते. म्हणून पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही ठिकाणी कातडी तपासून लिहून ठेवणे हा केवळ कागदी सोपस्कार उरत नाही.

इथल्या रुग्णाची कातडी वाचताना काही स्थानिक गोष्टी आड येतात. पहिली गोष्ट गोंदणाची. बैगा स्त्रियांच्या कपाळावर, हातांवर, पाठीवर, मांड्यांवर आणि पायांवर दाट गोंदण असते. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. शाईच्या रेघांखाली छटेतला बारीक फरक शोधणे जवळजवळ अशक्य. मात्र गोंदलेल्या जागेचे तापमान आणि घट्टपणा शाईने बदलत नाही. दुसरी गोष्ट टाचेची. जन्मभर अनवाणी भातशेती केलेल्या माणसाच्या टाचेला जाड, भेगाळलेली, पिवळट कातडी असते. तळपाय उजळ असला तरी त्या जाडीतून रंग दिसत नाही, आणि टाच ही तर शय्याव्रणाची आवडती जागा. तिथे अंगठ्याने चाचपून आत लिबलिबीतपणा लागतो का, एवढाच मार्ग उरतो. तिसरी गोष्ट रक्तक्षय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तच फिके असेल तर लाली आणखी मावळते आणि ऊतींना मिळणारा ऑक्सिजनही कमी पडतो: धोका वाढतो आणि खूण पुसट होते, दोन्ही एकदमच. त्याच्याच जोडीला सिकलसेल. मध्य भारताच्या या पट्ट्यात तो ठळक आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याजवळ चिवट जखमा होतात. त्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतात, दाबाने नव्हे, आणि घोटा हीच शय्याव्रणाचीही जागा असल्याने दोन्हींची गल्लत सहज होते.

मग तपासायचे कसे? पहिल्या पायरीची व्याख्या इथल्या वॉर्डांत उलट क्रमाने शिकवली पाहिजे: आधी हात, मग प्रश्न, शेवटी डोळा. वॉर्डातली आणि घरातली दोन्ही कामे याच क्रमाने नीट होतात.

तपासणीपूर्वी जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायला हवी. हे सांगण्याचे कारण असे की अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला स्पिरिट लावून वर पावडर फासणे ही वॉर्डातली जुनी रीत आहे आणि घरी तेल किंवा हळद लावली जाते. पावडरने सगळी कातडी सारखीच भुरी दिसते, हळदीने सारखीच पिवळी. पुसताना चोळू नये. इजा झालेल्या जागी चोळण्याने आतल्या ऊती आणखी फाटतात, आणि हाडाच्या उंचवट्यावर मालिश करण्याचा सल्ला याच कारणाने आता दिला जात नाही.

यानंतर तळहात नव्हे, तर बोटांची मागची बाजू संशयित जागेवर आणि लगेच चार बोटे अंतरावरच्या निरोगी कातडीवर ठेवावी. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेवरही: डावा खुबा आणि उजवा खुबा, डावी टाच आणि उजवी टाच. सुरुवातीला दाह असतो, म्हणून जागा कढत लागते. ऊती मरू लागल्यावर रक्त येणे थांबते आणि ती आसपासपेक्षा गार पडते. गार जागा ही कढत जागेपेक्षा वाईट बातमी असू शकते, आणि ‘गरम नाही म्हणजे ठीक’ या समजुतीने नेमका गंभीर रुग्ण सुटतो. रुग्ण त्या जागेवर नुकताच झोपलेला असेल तर अंगाखालची ऊब राहते, म्हणून कूस वळवल्यावर थोडा वेळ थांबून हात लावावा. मे महिन्यात बालाघाटचा पारा चाळीसच्या वर जातो आणि पाठ घामेजलेली असते. अशा वेळी तापमानाच्या आकड्याला अर्थ नसतो, शेजारच्या कातडीशी तुलनेलाच असतो. करोनाच्या काळात उपकेंद्रापर्यंत पोहोचलेली इन्फ्रारेड थर्मामीटरे याकामी वापरता येतात, पण ती शरीराच्या तापासाठीच्या नव्हे, पृष्ठभागाच्या मापावर ठेवून.

घट्टपणा तपासताना बोटाच्या टोकाने हलके दाबून पाहायचे. निरोगी कातडी दबते आणि लगेच वर येते. इजेची जागा दोन प्रकारे वेगळी लागते: सूज आणि दाहाने टणक, किंवा आतला स्नायू मेल्यावर लिबलिबीत. कधी कातडी ताणलेली आणि चकचकीत दिसते, कधी नारंगीच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. दोन्ही आत पाणी साचल्याच्या खुणा आहेत आणि त्यांना रंग लागत नाही.

दुखते का, हा प्रश्न वाटतो त्याहून मोलाचा आहे. कातडीवर काहीही दिसण्याआधी रुग्ण ठणका, जळजळ किंवा खाज सांगतो, आणि बहुतेक वेळा ते ‘पाठ अवघडली असेल’ म्हणून सोडून दिले जाते. अडचणी दोन आहेत. पहिली आजाराची. मणक्याच्या दुखापतीत त्या भागाला संवेदनाच नसते. पक्षाघातात अनेकदा बोलता येत नाही. दुसरी अडचण भाषेची. बैहरकडची गोंडी बोलणारी म्हातारी हिंदीत ‘दर्द है क्या’ विचारल्यावर मान हलवते. ती नाही म्हणाली की समजलेच नाही, ते कळत नाही. त्या जागेला हात लावल्यावर चेहरा आकसतो का, अंग चोरते का, हे पाहणे आणि सोबतच्या नातेवाइकाला विचारणे, हाच त्यावरचा उपाय.

डोळ्याने पाहायचे ते शेवटी, आणि शक्यतो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटच्या निळसर प्रकाशात सावळी कातडी राखी दिसते आणि जांभळट छटा हरवतात. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपी धरली तर सूज आणि चकाकी उठून दिसते. शोधायचा तो लाल रंग नव्हे. रुग्णाच्या स्वतःच्या नेहमीच्या रंगापेक्षा गडद, निळसर, जांभळट किंवा वांगी रंगाची छटा शोधायची. त्यासाठी त्याचा मूळ रंग माहीत हवा. भुजेची आतली बाजू उन्हात कमी रापते, म्हणून ती तुलनेला घेतात. त्वचेच्या रंगासाठी प्रसिद्ध असलेली फिट्झपॅट्रिक श्रेणी १९७५ ची आहे आणि ती कातडी उन्हात किती भाजते यावर बेतलेली. शय्याव्रणासाठी तिचा उपयोग मर्यादित. रंगांचे नमुने छापलेला साधा तक्ता कातडीशेजारी धरणे जास्त उपयोगी पडते.

सगळेच गडद डाग इजेचे नसतात. वर्षानुवर्षे जमिनीवर बसणाऱ्यांच्या नितंबांवर कातडी जाड आणि काळी झालेली असते. भरून आलेली जुनी जखम काळा किंवा पांढुरका वण सोडते. अनेक तान्ह्या मुलांच्या माकडहाडावर जन्मतः निळसर डाग असतो आणि तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे. सतत लघवी-शौचाने ओली राहिलेली कातडीही सोलवटते, पण ती हाडाच्या उंचवट्यावर नव्हे, घडीत आणि पसरट असते. फरक पुन्हा स्पर्शानेच कळतो: जुना डाग आसपासइतकाच उबदार आणि मऊ असतो, आणि दुखत नाही.

उपकरणांच्या बाजूने आशा आहे, आवाका अजून नाही. कातडीखाली झिरपलेले पाणी विद्युत धारकतेने मोजणारे हातातले यंत्र मेलॅनिनला जुमानत नाही. लॉस एंजेलिसच्या बार्बरा बेट्स-जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काळसर त्वचेच्या वृद्धांमध्ये या मापाचा आरंभीच्या इजेशी संबंध दाखवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्राला डिसेंबर २०१८ मध्ये परवानगी दिली. एकाच भागातल्या मापांत ०.६ किंवा अधिक फरक पडला की यंत्र धोका सांगते. २०२० च्या एका अभ्यासात नजरेपेक्षा सरासरी ४.७ दिवस आधी इशारा मिळाला, पण निरोगी कातडीवरचे खोटे इशारेही पुष्कळ होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने त्याच वर्षी यंत्र आश्वासक मानले, मात्र सरसकट वापरासाठी पुरावा अपुरा ठरवला. उष्णतेचे चित्र घेणारे कॅमेरे, अल्ट्रासाऊंड आणि निरनिराळ्या तरंगलांबींचा प्रकाश वापरणाऱ्या पद्धती संशोधनात आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या महिला वॉर्डात यांतले काही पोहोचेपर्यंत हाताला पर्याय नाही.

ओळख कठीण आहे म्हणून प्रतिबंध तिच्यावर अडवून ठेवू नये. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची १९८७ ची धोकामापन श्रेणी संवेदना, ओलावा, हालचाल, फिरणे, आहार आणि घर्षण एवढेच पाहते. तिच्या ६ ते २३ गुणांत रंगाला जागा नाही. १८ किंवा कमी गुण आले की डाग शोधत न बसता कूस बदलणे सुरू करायचे. दोन तासांचा नियम स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांच्या १९४० च्या दशकातल्या कामाने रुजला. २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांत फरक आढळला नाही, पण तो निष्कर्ष बसून कडक झालेल्या कापसाच्या गादीला किंवा दोरीच्या खाटेला लावता येत नाही. टाचेखाली पाण्याने भरलेला हातमोजा आणि कमरेखाली गोल रिंग हे वॉर्डातले प्रचलित उपाय आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने नाकारले आहेत. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणे चांगले.

नोंदीचा प्रश्न यापुढचा. भारतातल्या रुग्णालय-मानांकनात शय्याव्रणाचे प्रमाण हा गुणवत्तेचा निर्देशक आहे. पहिली पायरी दिसतच नसेल तर आकडा छान उतरतो आणि रुग्णालय निर्धास्त होते. वाराणसीच्या विद्यापीठ रुग्णालयात २००५ मध्ये ४.९४ टक्के रुग्णांना शय्याव्रण असल्याचे प्रसिद्ध झाले. असा कोणताही आकडा वाचताना पहिली पायरी कशी शोधली, हे विचारले पाहिजे. केस पेपरवर ‘लाली आहे/नाही’ असा एकच रकाना असेल तर सावळ्या रुग्णासाठी तिथे कायम ‘नाही’ लिहिले जाईल. त्याजागी तापमान, घट्टपणा, वेदना आणि मूळ रंगाशी तुलना असे रकाने हवेत, आणि ‘नॉर्मल’ एवढेच लिहून भागू नये.

बहुतेक रुग्ण मात्र शेवटी घरीच असतात. तिथे कातडी पाहते ती सून, बायको किंवा मुलगी. अधूनमधून आशा ताई येते. सुटी देताना ‘पाठ लाल दिसली तर घेऊन या’ ही सूचना त्यांच्या हाती काहीच देत नाही, कारण ती पाठ कधी लाल दिसणारच नाही. अंघोळ घालताना रोज दोन्ही खुबे, माकडहाड आणि टाचा यांना हात लावून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम, गार, कडक किंवा पिचपिचीत लागली, तिथे दुखते असे म्हणाले, तर त्या कुशीवर झोपवू नका आणि दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर दाखवायला आणा. एवढे वॉर्डातच, रुग्णाच्या अंगावर त्यांचा हात ठेवून, त्यांच्या बोलीत शिकवायला पाच मिनिटे लागतात.